वहीतले किलोमीटर

पहाट. उणे चौतीस.
बाबा हातमोजा दातांनी ओढून काढतात, बटण दाबतात,
आणि गाडी एका जपानी बाईच्या आवाजात
काहीतरी म्हणते.
"हो गं बाई, तुझंही भलं होवो," बाबा म्हणतात.
अकरा वर्षं चाललंय हे.

मी नागोयाहून शिकून परतले
त्या पहिल्याच सकाळी मला कळलं ती काय म्हणते ते.
कार्ड घातलेलं नाही.
एवढंच.
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा टोलनाक्याचं कार्ड,
पहिल्या मालकाच्या खिशात राहून गेलेलं.
मी बाबांना बोलले नाही.

उलानबातरच्या चौकाचौकात अशाच प्रियस उभ्या,
स्टिअरिंग उलट्या बाजूला, इंजिन गप्प,
काचांवर नुसता श्वास.
कडाक्यात हीच चालू होते, लोक म्हणतात,
आणि हप्ता न चुकता तिला विसरतात.
मग एके दिवशी लाल त्रिकोण पेटतो
आणि सगळ्यांना आमच्या कुंपणाचा पत्ता आठवतो.

बाबा आधी नारिंगी खटका उपटून खिशात घालतात.
मग दहा मिनिटं काही म्हणजे काही करायचं नाही.
खारट चहा प्यायचा.
घाई केलेल्या एका माणसाची गोष्ट ते सांगतात,
दर वेळी त्याचं नाव वेगळं असतं.

मागच्या सीटपाठून अठ्ठावीस पेट्या निघतात,
विटांसारख्या चिकटून बसलेल्या.
सत्तावीस धडधाकट, एकीचं पोट फुगलेलं.
तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं चढलेलं,
त्याला व्हिनेगर आणि माझा शाळेतला टूथब्रश.
पंख्याच्या जाळीत बकरीची लव,
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
एकदा एक कानातलं.
ते अजून डब्यात आहे,
न जाणो, ती बाई परत बसली तर.

बदली पेटी कुठल्यातरी मेलेल्या गाडीतली.
ती आल्या आल्या घरच्यांत मिसळत नाही.
सगळ्यांना रात्रभर एका तारेत जोडून
चुलीपासून दोन हातांवर ठेवायचं;
भरलेली रितीला देत राहते,
सकाळी मीटरवर सगळ्या सारख्या.
बाबा रात्री दोनदा उठून बघतात.
माझ्या तापात एकदाच उठले होते, आई सांगायची.

आमच्या गाडीचा आकडा अडकला
दोन लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णववर.
त्यापुढे मोजायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.
पुरेवखू दलाल हसला, "आता विकून टाक, चोइजिल,
यापुढचं कुणाला दिसतंय?"
बाबांनी घोड्याचं चित्र असलेली वही आणली.

दारखान, जाऊन येऊन, चारशे चाळीस.
झूनमोद, पंचेचाळीस.
दवाखाना, बारा.
दवाखाना, बारा.
दवाखाना, बारा. वळण चुकलो, तीन.
मग दोन आठवडे कोरे.
मग टेकडीपर्यंत, एकोणीस, सोबत तिचे भाऊ.

परवा एक गिऱ्हाईक आलं होतं.
बाबांनी गाडीआधी वही पुढे केली.
तो चाळत गेला, एका पानावर जरासा थांबला,
टोपी नीट केली,
आणि किंमत न विचारताच गेला.
"चार लाख बारा हजार," बाबा फाटकाकडे बघत म्हणाले,
कुणी विचारल्यासारखं.

आज मी चालवतेय. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
मागच्या चाकांवर ते दूध शिंपडतात, आई शिंपडायची तसं,
पण आईपेक्षा जास्त, सांडल्यासारखं;
टायरवर ते लगेच पांढरं थिजतं.
बटण दाबलं.
ती म्हणाली, कार्ड घातलेलं नाही.
काचेपलीकडे बाबांचे ओठ हलले,
मला उत्तर आठवून देत.

"हो गं बाई," मी म्हटलं.
वही मांडीवर घेतली, तारीख टाकली.
पेन्सिलीनं. शाई गोठते.